सुरक्षित संपर्काची परिभाषा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एन्क्रिप्शन, मेटाडेटा, व्हीपीएन, एंड टू एंड हे शब्द आता सगळ्यांच्या तोंडी आहेत, पण ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. एका शब्दाने दिलेली हमी दुसऱ्यानेही दिली आहे असं आपण धरून चालतो आणि माहिती उघडी पडते ती बहुतेक वेळा याच फटीतून. म्हणून खालचं प्रत्येक उत्तर वाचताना एवढंच विचारत राहा: काय झाकलं जातंय, कोणापासून, आणि कुठून कुठपर्यंत?

एन्कोडिंग, एन्क्रिप्शन आणि हॅशिंग हे एकाच गोष्टीचे प्रकार आहेत का?

नाही. तिन्हींत माहितीचं रूप बदलतं, एवढंच काय ते साम्य.

एन्कोडिंग म्हणजे माहिती साठवायला किंवा पाठवायला सोयीच्या रूपात मांडणं. मोर्स, युनिकोड, क्यूआर कोड, ईमेलच्या जोडपत्रांसाठी वापरलं जाणारं बेस६४ ही सगळी एन्कोडिंगं. पद्धत ठाऊक असलेला कोणीही मूळ मजकूर परत मिळवू शकतो, म्हणजे यात गुप्तता शून्य. बेस६४ मधला मजकूर डोळ्यांना अगम्य दिसतो, त्यामुळे तो सुरक्षित आहे असं समजणारे पुष्कळ भेटतात. तो सुरक्षित नसतो.

एन्क्रिप्शनमध्ये पद्धत माहीत असून भागत नाही, चावी लागते. चावी असेल तर मजकूर परत मिळतो, नसेल तर नाही.

हॅशिंग एकेरी आहे. एसएचए-२५६ या हॅशिंगच्या पद्धतीला एक अक्षर द्या नाहीतर अख्खा चित्रपट द्या, उत्तर २५६ बिटांचंच येतं. मूळ मजकुरातला एक स्वल्पविराम बदलला तरी त्यातले साधारण निम्मे बिट पालटतात, आणि उत्तरावरून मजकुराकडे परत जाण्याची वाट नसते. पासवर्ड साठवायला हेच हवं असतं: सेवेला तुमचा पासवर्ड वाचायचा नसतो, फक्त ताडून पाहायचा असतो. त्यासाठी प्रत्येक पासवर्डमध्ये वेगळा यादृच्छिक भाग मिसळून मुद्दाम संथ चालणारं हॅशिंग वापरतात. ‘पासवर्ड विसरलात?’ वर टिचकी मारल्यावर एखाद्या संकेतस्थळाने तुमचा जुनाच पासवर्ड ईमेलने पाठवला, तर तो त्यांच्याकडे वाचता येईल अशा रूपात पडून आहे हे नक्की समजा आणि तो इतर कुठे वापरला असेल तर तिथला लगेच बदला.

कोड आणि सायफर यांत फरक काय?

कोड अर्थाच्या पातळीवर चालतो: अख्ख्या शब्दाला किंवा वाक्याला एक ठरलेला आकडा. पहिल्या महायुद्धात जर्मनीने मेक्सिकोसाठी पाठवलेली १९१७ ची झिमरमन तार अशाच कोडपुस्तकाने लिहिलेली होती. सायफर अक्षरांवर किंवा बिटांवर चालतो, त्याला अर्थाशी देणंघेणं नसतं. आज आपण जे वापरतो ते सगळे सायफर.

‘१२८ बिट’, ‘२५६ बिट’ म्हणजे नेमकं काय मोजलं जातं?

चावीची लांबी. चावी एका बिटाने वाढली की संभाव्य चाव्यांची संख्या दुप्पट होते. डीईएस हा १९७७ चा अमेरिकी मानक सायफर ५६ बिटांचा होता. १९९८ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने खास बांधलेल्या यंत्राने एकामागून एक चाव्या लावून तो तीन दिवसांच्या आत फोडला. २००१ मध्ये एईएस हा नवा सायफर मानक झाला. योहान डेमेन आणि व्हिन्सेंट रायमन या दोन बेल्जियन संशोधकांची ही रचना खुल्या स्पर्धेतून निवडली गेली. त्याची सगळ्यात आखूड चावी १२८ बिटांची, म्हणजे ३४ च्या पुढे ३७ शून्यं इतक्या चाव्या. त्या एकेक करून तपासणं कुठल्याही यंत्राच्या आवाक्यातलं नाही.

पण आकडे वेगवेगळ्या पद्धतींमध्ये ताडून पाहू नका. आरएसए या जाहीर चावीच्या पद्धतीची (ती पुढे येईल) २०४८ बिटांची चावी एईएसच्या १२८ बिटांपेक्षा सोळापट भक्कम नसते, उलट थोडी कमीच भरते. तिथे चाव्या मोजत बसायचं नसतं, मोठ्या संख्येचे अवयव पाडायचे असतात, आणि त्यासाठी बऱ्याच जवळच्या वाटा आहेत.

‘लष्करी दर्जाचं एन्क्रिप्शन’ म्हणजे काय?

जाहिरातीतला शब्द आहे, तांत्रिक नाही. बहुतेक वेळा त्यामागे एईएस-२५६ असतं. अमेरिकेने २००३ मध्ये ते अतिगोपनीय माहितीसाठी मान्य केलं हे खरं, पण तेच एईएस तुमच्या ब्राउझरमध्ये आणि घरच्या वायफायमध्येही आहे. लष्करी संपर्कयंत्रणा वेगळी ठरते ती चाव्या कोण तयार करतो, कशा पोचवतो, कधी बदलतो आणि यंत्र शत्रूच्या हाती लागलं तर काय होतं यामुळे. जाहिरातीत त्याबद्दल अवाक्षर नसतं.

पद्धत सगळ्या जगाला माहीत असेल तर ती सुरक्षित कशी?

ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच हे मांडलं होतं: यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, गुप्त राहायला हवी ती फक्त चावी. फुटलेली चावी क्षणात बदलता येते. लाखो फोनमध्ये बसलेली फुटलेली पद्धत बदलायला वर्षं जातात. शिवाय उघड पद्धतीवर जगभरचे गणिती वर्षानुवर्षं तुटून पडतात आणि त्यातून ती तावूनसुलाखून निघते. ‘आमचा अल्गोरिदम आम्ही कोणालाच दाखवत नाही’ हे वाक्य माझ्या मते उत्पादन नाकारायला पुरेसं कारण आहे. जीएसएम या टूजी मोबाईल मानकाचे सायफर असेच झाकून ठेवले होते. ते बाहेर आले तेव्हा कमकुवत निघाले.

सगळे ऐकत असताना दोघांमध्ये गुप्त चावी ठरते तरी कशी?

या विषयातली माझी सर्वांत आवडती गोष्ट हीच. व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये ती प्रसिद्ध केली. अगदी छोटे आकडे घेऊन स्वतः करून बघा.

दोघांनी उघडपणे १७ आणि ३ हे आकडे ठरवले. पहिलीने मनात ६ धरला. तिने ३ चा सहावा घात काढला, ७२९, त्याला १७ ने भागलं आणि उरलेली बाकी १५ जाहीर केली. दुसऱ्याने मनात ७ धरला. ३ चा सातवा घात २१८७, १७ ने भागून बाकी ११. त्याने ११ जाहीर केला. आता पहिली ११ चा सहावा घात काढून १७ ने भागते: बाकी ८. दुसरा १५ चा सातवा घात काढून १७ ने भागतो: बाकी ८. दोघांकडे आता एकच संख्या आहे आणि ती तारेवरून कधीच गेलेली नाही. ऐकणाऱ्याच्या हाती १७, ३, १५ आणि ११ आले, तरी ८ मिळवायला त्याला ६ किंवा ७ शोधावा लागणार. इथे तो तोंडी सापडेल. पण १७ च्या जागी सहाशेहून जास्त अंकी मूळ संख्या घेतली की हा उलटा प्रवास आजच्या संगणकांना झेपत नाही.

पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांची आरएसए पद्धत आली. तिच्यात एक चावी जाहीर आणि एक खासगी: जाहीर चावीने बंद केलेलं फक्त खासगी चावीने उघडतं. डिजिटल सहीमध्ये खासगी चावीने सही होते आणि जाहीर चावीने ती कोणालाही तपासता येते. ब्रिटनच्या जीसीएचक्यू या गुप्तचर संस्थेत जेम्स एलिस, क्लिफर्ड कॉक्स आणि माल्कम विल्यमसन यांनी या कल्पना त्याआधीच, १९७० ते ७४ च्या काळात शोधल्या होत्या. ते जगाला कळलं १९९७ मध्ये. एलिस त्याच्या काही आठवडे आधीच वारले.

मग ‘मॅन इन द मिडल’ हल्ला कुठून येतो?

वरच्याच उदाहरणातून. ११ हा आकडा समोरच्यानेच पाठवला हे पहिलीला कसं कळलं? मध्ये बसलेल्याने दोन्हीकडे आपापले आकडे पाठवले, तर दोघांचीही चावी त्याच्याशीच ठरते आणि दोघांनाही संवाद सुरक्षित वाटत राहतो. एन्क्रिप्शन झालं, पण ओळखीची खातरजमा झाली नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

संकेतस्थळांसाठी ही खातरजमा प्रमाणपत्रांनी होते. ‘ही जाहीर चावी अमुक संकेतस्थळाचीच’ असं एक प्रमाणन संस्था सही करून सांगते आणि ब्राउझर तिच्यावर विश्वास ठेवतो. २०११ मध्ये डिजिनोटार या डच प्रमाणन संस्थेत घुसखोरी झाली, गूगलच्या नावाने खोटं प्रमाणपत्र निघालं आणि ते इराणमधल्या वापरकर्त्यांवर वापरलं गेलं. ब्राउझरांनी त्या संस्थेवरचा विश्वास काढून घेतला आणि ती दिवाळखोरीत गेली.

ब्राउझरमधल्या कुलपाचा अर्थ यावरून लक्षात घ्या: ज्या नावाचं संकेतस्थळ उघडलंय त्याच्याशीच जोडणी झाली आहे आणि वाट झाकलेली आहे. मालक प्रामाणिक आहे असं ते कुलूप सांगत नाही. फसव्या संकेतस्थळांनाही ते सहज मिळतं.

‘एंड टू एंड’ मधलं टोक नेमकं कुठलं?

वापरणाऱ्याचं उपकरण. सुरक्षित जोडणी आणि एंड टू एंड यांतला फरक इथेच आहे. साध्या ईमेलमध्ये तुमच्यापासून सर्व्हरपर्यंतची आणि सर्व्हरपासून समोरच्यापर्यंतची वाट टीएलएसने (जोडणी एन्क्रिप्ट करणाऱ्या प्रमाणित पद्धतीने) झाकलेली असते, पण मधल्या सर्व्हरवर मजकूर उघडा असतो. सेवा चालवणारा तो वाचू शकतो, त्याच्यावर हल्ला करणारा वाचू शकतो, आदेश घेऊन आलेला वाचू शकतो. एंड टू एंडमध्ये चाव्या फक्त दोन टोकांच्या उपकरणांत असतात. सिग्नल हे ॲप असंच चालतं, आणि व्हॉट्सॲपने २०१६ मध्ये सिग्नलचाच प्रोटोकॉल आपल्या सगळ्या वापरकर्त्यांसाठी लागू केला.

पण टोक म्हणजे उपकरण, माणूस नव्हे. फोनमध्ये हेरगिरीचं सॉफ्टवेअर शिरलं असेल तर ते मजकूर उलगडल्यावर वाचतं. समोरचा स्क्रीनशॉट काढू शकतो. क्लाउडवरचा बॅकअप ही तर नेहमीची गळती: व्हॉट्सॲपमध्ये एंड टू एंड एन्क्रिप्टेड बॅकअपची सोय २०२१ मध्ये आली, पण ती आपण होऊन सुरू करावी लागते.

आणि मॅन इन द मिडलचं काय? त्यासाठी या दोन्ही ॲपमध्ये साठ अंकी सुरक्षा क्रमांक दिलेला असतो. समोरासमोर भेटून दोघांच्या फोनवरचा क्रमांक ताडून पाहिला की मध्ये कोणी नाही याची खात्री होते. हे फार थोडे लोक करतात. पत्रकार, वकील किंवा संवेदनशील माहिती हाताळणारं कोणीही असेल तर त्यांनी ते जरूर करावं.

मेटाडेटा म्हणजे काय, आणि त्याचं एवढं काय?

मजकूर सोडून उरलेलं सगळं: कोणी, कोणाला, कधी, किती वेळ, कुठून. एन्क्रिप्शन मजकूर झाकतं, मेटाडेटा बहुतेक उघडाच राहतो, कारण संदेश पोचवायला यंत्रणेला त्यातला काही भाग लागतोच.

एक नोंद पाहा. रात्री साडेअकराला कर्करोग रुग्णालयाच्या मदतवाहिनीला बावीस मिनिटांचा कॉल. लगेच बहिणीला कॉल. सकाळी नऊला विमा कंपनीला. एकही शब्द न ऐकता घरात काय घडलं ते कळलं. मजकूर विस्कळीत असतो, माणसं खोटंही बोलतात. मेटाडेटा नीट रकान्यांत बसलेला असतो आणि यंत्राने लाखोंच्या संख्येने चाळता येतो. म्हणून पाळत ठेवणाऱ्यांना तो मजकुराइतकाच मोलाचा वाटतो.

सेवा निवडताना ‘एंड टू एंड आहे का?’ या प्रश्नाइतकाच ‘काय साठवता?’ हा प्रश्न महत्त्वाचा. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ग्रँड ज्युरीने सिग्नलकडे माहिती मागितली, तेव्हा त्यांच्याकडे द्यायला दोनच गोष्टी होत्या: खातं कधी उघडलं आणि शेवटची जोडणी कधी झाली. बाकीचं त्यांनी साठवलंच नव्हतं.

फॉरवर्ड सिक्रसी म्हणजे?

आज चावी चोरीला गेली तरी कालचे संदेश उघडू नयेत अशी व्यवस्था. दर जोडणीला नवी तात्पुरती चावी ठरवतात आणि काम झालं की पुसून टाकतात. २०१८ च्या टीएलएस १.३ मध्ये जाहीर चावीच्या पद्धतीने होणाऱ्या जोडण्यांना ती मिळतेच.

साधा मोबाईल कॉल एन्क्रिप्टेड असतो का?

फोन ते टॉवर एवढ्या हवेतल्या टप्प्यात सहसा असतो. पुढे कंपनीच्या जाळ्यात तो उघडा असतो, म्हणजे हे एंड टू एंड नव्हे.

हवेतला टप्पाही पिढीगणिक वेगळा. टूजीमध्ये फोन आपली ओळख जाळ्याला पटवून देतो, पण जाळं फोनला काहीच पटवून देत नाही. त्यामुळे खोटा टॉवर उभा करणं सोपं. यालाच आयएमएसआय कॅचर म्हणतात. टूजीचा ए५/१ हा सायफर १९८७ चा. २००९ मध्ये कार्स्टेन नोल यांनी तो साध्या साधनांनी फोडता येतो हे दाखवलं. थ्रीजीपासून ओळख दोन्ही बाजूंनी पटवावी लागते. फाइव्हजीमध्ये सिमची कायमची ओळख हवेत पाठवण्याआधी कंपनीच्या जाहीर चावीने झाकण्याची सोय आली. तुमच्या फोनमध्ये टूजी बंद करण्याचा पर्याय असेल तर तो बंद ठेवा, कारण हल्लेखोर फोनला मुद्दाम जुन्या पिढीवर ढकलतात.

आयएमईआय आणि आयएमएसआय एकच का?

नाही. आयएमईआय हँडसेटची ओळख, *#०६# दाबल्यावर दिसते. आयएमएसआय सिमच्या वर्गणीदाराची. तिच्या सुरुवातीला देशाचा आणि जाळ्याचा संकेतांक असतो. सिम बदललं की आयएमएसआय बदलते, हँडसेट तोच राहतो.

एसएमएसने येणारा ओटीपी कमकुवत का म्हणतात?

तीन कारणं. एसएमएस एंड टू एंड नसतो. कंपन्यांची जाळी एसएस७ या १९७० च्या दशकात घडलेल्या संकेतप्रणालीने आपसात बोलतात. तेव्हा जाळ्यात मोजक्याच मोठ्या कंपन्या होत्या, म्हणून आलेली विनंती खरी मानली जाई. आज कोणी त्यात शिरलं तर दुसऱ्याचे एसएमएस आपल्याकडे वळवू शकतं. २०१७ मध्ये जर्मनीत असेच बँकेचे संकेत वळवून खात्यांतले पैसे काढले गेले. तिसरं कारण सिम स्वॅप: दुकानदाराला फसवून तुमच्या नंबरचं सिम दुसऱ्याच्या नावे निघतं. ॲपमधला कोड यापेक्षा बरा. पासकी (पासवर्डऐवजी उपकरणात साठवलेली चावी) किंवा हार्डवेअर चावी सगळ्यात बरी, कारण ती फसव्या संकेतस्थळावर चालतच नाही.

या ओटीपीची ‘वन टाइम पॅड’शी गल्लत करू नका. तिथे संदेशाइतकीच लांब, पूर्ण यादृच्छिक चावी एकदाच वापरतात. क्लॉड शॅनन यांनी १९४९ च्या निबंधात सिद्ध केलं की असा संदेश कितीही संगणकशक्ती लावली तरी फुटत नाही. अट एकच, चावी दुसऱ्यांदा वापरायची नाही. सोव्हिएत संघाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पॅडची काही पानं दोनदा छापली. तेवढ्यावरून अमेरिकेच्या व्हेनोना प्रकल्पात त्यांचे कित्येक संदेश वाचले गेले.

व्हीपीएनमुळे मी निनावी होतो का?

नाही, विश्वासाची जागा बदलते. व्हीपीएन तुमची वाहतूक एन्क्रिप्ट करून आपल्या सर्व्हरमार्गे पुढे पाठवतो. इंटरनेट कंपनीला जे दिसत होतं ते आता व्हीपीएनवाल्याला दिसतं. संकेतस्थळावर लॉगिन केलंत तर तिथे तुम्ही तुम्हीच असता. अनोळखी वायफायवर किंवा कार्यालयाच्या जाळ्यात बाहेरून शिरायला व्हीपीएन उपयोगी. निनावी होण्यासाठी तो बनलेला नाही.

फ्रिक्वेन्सी हॉपिंग हे एन्क्रिप्शन आहे का?

नाही, पण सुरक्षित संपर्काचा तो महत्त्वाचा भाग आहे. पाठवणारा आणि घेणारा एका ठरलेल्या क्रमाने वारंवारता बदलत राहतात. क्रम माहीत नसलेल्याला संदेश पकडणं किंवा गोंगाट करून दडपणं कठीण जातं. अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथील यांना १९४२ मध्ये पाणतीराच्या नियंत्रणासाठी अशा रचनेचं पेटंट मिळालं. त्यात ८८ वारंवारता होत्या, पियानोच्या पट्ट्यांइतक्या. पारंपरिक ब्लूटूथ सेकंदाला १,६०० वेळा वारंवारता बदलतं, मात्र तिथे हेतू गुप्ततेचा नसून इतर यंत्रांच्या गोंगाटातून वाट काढण्याचा आहे.

जॅमिंग आणि स्पूफिंग?

जॅमिंग म्हणजे गोंगाट करून खरा सिग्नल ऐकूच येऊ न देणं. स्पूफिंग म्हणजे खोटा सिग्नल खरा म्हणून खपवणं. दुसरं जास्त घातक, कारण बिघाड झाल्याचं लक्षातच येत नाही. जीपीएसचा सिग्नल जमिनीवर पोचेपर्यंत अतिशय क्षीण होतो, म्हणून तो दोन्हींना बळी पडतो.

फोनवर सिग्नलच्या सगळ्या पट्ट्या, तरी इंटरनेट संथ. का?

पट्ट्यांना एकच ठरलेलं माप नाही, त्या कशा दाखवायच्या ते फोन बनवणारा ठरवतो. खरं माप डीबीएममध्ये असतं. दर १० डेसिबलला शक्ती दहापट बदलते, म्हणजे उणे ७० आणि उणे १०० यांत हजारपटीचा फरक. सिग्नल जोरदार असूनही टॉवरवर गर्दी असेल तर वाट्याला येणारी बँडविड्थ, म्हणजे माहिती वाहून नेण्याची क्षमता, कमी.

लेटन्सी आणखी वेगळी: पहिला बिट पोचायला लागणारा वेळ. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर असतो, तिथे जाऊन खाली यायलाच पाव सेकंदाच्या आसपास जातो. बँडविड्थ कितीही वाढवली तरी तो वेळ घटत नाही.

‘बॅकडोअर’ आणि ‘कायदेशीर इंटरसेप्ट’ यांत फरक आहे का?

कायद्यात आहे. इंटरसेप्टची, म्हणजे संवाद मध्येच ऐकण्याची, सोय जाहीर असते, तिला आदेश लागतो. बॅकडोअर, म्हणजे यंत्रणेतलं चोरदार, लपवलेला असतो. पण यंत्राला आदेश वाचता येत नाही. दार आहे म्हटल्यावर ते दुसरंही कोणी उघडू शकतं. ग्रीसमध्ये २००४-०५ मध्ये मोबाईल एक्स्चेंजमधली इंटरसेप्टचीच सोय वापरून पंतप्रधानांसह शंभराहून जास्त जणांचे फोन अज्ञात लोकांनी ऐकले. अमेरिकेने १९९३ मध्ये सरकारकडे जादा चावी ठेवणारी क्लिपर चिप आणली, तेव्हा पुढच्याच वर्षी मॅट ब्लेझ यांनी ती व्यवस्था चुकवून चिप वापरता येते हे दाखवून दिलं. फक्त चांगल्या माणसांनाच उघडेल असं दार अजून कोणी बांधून दाखवलेलं नाही, आणि असा आग्रह पुन्हा पुन्हा धरला जातो तेव्हा हे ठामपणे सांगायला हवं.

क्वांटम संगणक आले की सगळं एन्क्रिप्शन मोडेल का?

सगळं नाही. पीटर शोर यांच्या १९९४ च्या अल्गोरिदमने आरएसए आणि डिफी-हेलमन मोडतील, पण पुरेसा मोठा क्वांटम संगणक असेल तर. एईएसला धोका बराच कमी, तिथे लांब चावी पुरते.

तरी वाट पाहत बसता येत नाही, कारण आजची एन्क्रिप्टेड वाहतूक साठवून ठेवून पुढे उघडता येते. जी माहिती वीस वर्षांनीही गुप्तच राहायला हवी तिच्यासाठी धोका आजचाच आहे. म्हणून अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या गणितावर आधारलेली पहिली तीन मानकं जाहीर केली. त्यातलं एमएल-केम चावी ठरवण्यासाठी, बाकीची दोन डिजिटल सहीसाठी. याला पोस्ट-क्वांटम म्हणतात आणि ते साध्याच संगणकांवर चालतं. ‘क्वांटम की डिस्ट्रिब्युशन’ हे वेगळं प्रकरण: तिथे प्रकाशकणांवरून चावी पाठवतात, त्यासाठी खास उपकरणं लागतात आणि समोरचा खरा कोण हे आधी पटवून घ्यावंच लागतं. सिग्नलने २०२३ मध्ये आणि आयमेसेजने २०२४ मध्ये चावी ठरवण्याच्या टप्प्यात पोस्ट-क्वांटम पद्धत आणली, तीही जुन्या पद्धतीच्या जोडीने, म्हणजे दोन्हींपैकी एक मोडली तरी संदेश झाकलेलाच राहतो.